कथासंग्रह आणि पदवीप्रबंध : ठाणे–कल्याण–डोंबिवली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

‘प्रबंध’ हा शब्द आज विद्यापीठांत ज्या अर्थाने रूढ झाला आहे तो त्याचा मूळचा अर्थ नव्हे. संस्कृतात प्रबंध म्हणजे नीट बांधलेली रचना. मग ती काव्याची असो, गायनाची असो वा कथेची असो. गुजरातेतील जैन ग्रंथकारांनी तर हे नाव विशेषेकरून कथेलाच दिले. मेरुतुंगाचार्यांचा ‘प्रबंधचिंतामणि’ (इ. स. १३०५ च्या सुमाराचा) आणि राजशेखरसूरींचा ‘प्रबंधकोश’ (इ. स. १३४९ च्या सुमाराचा) हे दोन्ही ग्रंथ राजे, मंत्री, आचार्य व कवी यांच्या गोष्टींचे संग्रहच होत. पुढे विद्यापीठांनी हा शब्द उचलला तेव्हा ‘नीट बांधणी’ एवढा भाग त्यांनी ठेवून घेतला आणि गोष्ट तेवढी बाहेर राहिली. आज एखाद्या विद्यार्थ्याने स्वतःच्या कथांचा संग्रह बांधून ‘हाच माझा प्रबंध’ असे म्हटले तर ऐकणारे हसतील. मेरुतुंगांना मात्र त्यात हसण्यासारखे काही वाटले नसते.

कथासंग्रह हाच पदव्युत्तर प्रबंध म्हणून स्वीकारावा ही कल्पना जगात नवी नाही. तिला शंभर वर्षे होऊन गेली आहेत. मराठी विद्यापीठीय जगात मात्र ती रुजली नाही. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यात हा प्रश्न विशेष स्पष्टपणे दिसतो. याचे कारण असे की या पट्ट्याने मराठी कथेला वाचक दिले, कथाकार दिले, ग्रंथालये दिली आणि पुढे महाविद्यालयेही दिली. परंतु कथालेखन आणि पदवी या दोन गोष्टींची गाठ येथे पडली नाही. ती का पडली नाही, हे पाहणे हा येथील विषय होय.

प्रथम ही कल्पना जेथे जन्मली तेथील हकीकत पाहणे इष्ट ठरेल. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या पदव्युत्तर शाखेचे अधिष्ठाते कार्ल सीशोर यांनी १९२२ मध्ये असे जाहीर केले की उच्च पदवीसाठी सर्जनशील कृतीही प्रबंध म्हणून ग्राह्य धरली जाईल. सीशोर हे साहित्याचे अध्यापक नव्हते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि संगीतातील उपजत गुणवत्ता प्रयोगशाळेत मोजता येते काय, याच्या कसोट्या त्यांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केल्या होत्या. प्रतिभा ही अभ्यासाच्या कक्षेत येऊ शकते असे मानणारा मनुष्य त्या जागी होता, म्हणूनच तो निर्णय झाला असे म्हणावयास हरकत नाही. साहित्याच्या अध्यापकांवर ते काम सोपविले असते तर ते बहुधा समितीच्या टेबलावरच राहिले असते!

या निर्णयाची फळे दहा वर्षांनी दिसू लागली. पॉल एंगल यांनी आयोवात प्रबंध म्हणून सादर केलेल्या कविता १९३२ मध्ये पुस्तकरूपाने निघाल्या. त्याच वर्षी वॉलेस स्टेग्नर यांनी एम. ए. साठी स्वतःच्या कथा सादर केल्या. मात्र तीनच वर्षांनी डॉक्टरेटसाठी त्याच स्टेग्नरना क्लॅरेन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञाच्या लेखनावर रीतसर अभ्यासग्रंथ लिहावा लागला. कथा एम. ए. ला चालली, डॉक्टरेटला चालली नाही. प्रारंभीच्या काळात आयोवातही ही सीमारेषा होती. १९३६ मध्ये विल्बर श्रॅम यांच्या देखरेखीखाली तेथील सुप्रसिद्ध लेखनशाळा सुरू झाली. १९४१ पासून सुमारे पाव शतक तिची सूत्रे एंगल यांच्या हाती होती. दुसरे महायुद्ध संपल्यावर सैन्यातून परतलेल्या तरुणांना सरकारी खर्चाने शिकता येऊ लागले, विद्यार्थी वाढले आणि नदीकाठच्या लष्करी पत्र्याच्या बराकींत कथावाचनाचे वर्ग भरू लागले. एकाने कथा वाचावयाची, इतरांनी तिची चिरफाड करावयाची आणि लेखकाने तोवर गप्प बसावयाचे, ही त्या वर्गांची रीत पुढे जगभर गेली.

या शाळेतील एका प्रबंधाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. फ्लॅनरी ओकॉनर या तरुणीने १९४७ मध्ये ‘द जिरेनियम’ या नावाने सहा कथांचा संग्रह पदवीसाठी सादर केला. त्यांतील शीर्षककथा आदल्याच वर्षी एका नियतकालिकात छापून आली होती. ‘द ट्रेन’ या कथेतून पुढे तिची १९५२ मधील पहिली कादंबरी वाढली. हा संग्रह मात्र तिने हयातीत पुस्तक म्हणून काढला नाही. त्यातील सहाही कथा तिच्या मृत्यूनंतर, १९७१ च्या समग्र कथांच्या ग्रंथात, एकत्र आल्या. त्याहून विशेष गोष्ट अशी की १९६४ मध्ये, मृत्यूच्या छायेत असताना, तिने त्याच शीर्षककथेचे संपूर्ण नवे रूप लिहिले. शहरात मुलीच्या घरी येऊन पडलेला दक्षिणेकडील म्हातारा, ही पहिल्या कथेतील कल्पना अठरा वर्षांनी तिच्या शेवटच्या कथांत परत आली. विद्यार्थिदशेतील कच्च्या कृतीचे रूप विद्यापीठाच्या ग्रंथालयात बांधून ठेवलेले असल्यामुळे अभ्यासकाला ही दोन टोके शेजारी ठेवून पाहता येतात. प्रबंध म्हणून कथा स्वीकारल्याचा हा एक अनपेक्षित लाभ होय. त्याची चर्चा क्वचितच होते.

आता आपल्याकडे वळू. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने मराठीचा प्रश्न सुरुवातीच्या काही वर्षांतच निकालात काढला. प्रारंभी देशी भाषांना जे थोडे स्थान होते ते १८६० नंतरच्या दशकात उच्च परीक्षांतून गेले आणि त्यांची जागा संस्कृतादी अभिजात भाषांनी घेतली. मराठीला ती जागा परत मिळवून देण्यासाठी न्या. महादेव गोविंद रानडे यांनी दीर्घकाळ खटपट केली. १८९८ मधील त्यांचे मराठी वाङ्मयाच्या वाढीविषयीचे टिपण याच खटपटीचा भाग होते. विसाव्या शतकाच्या आरंभी एम. ए. च्या परीक्षेत मराठीला प्रवेश मिळाला. म्हणजे आयोवात सीशोर यांनी कवितेला प्रबंधाचे दार उघडून दिले त्या वेळी मुंबईत मराठीला उच्च परीक्षेत बसण्याची परवानगी मिळून जेमतेम दोन दशके झाली होती. ज्या विषयाला स्वतःचेच अस्तित्व सिद्ध करावयाचे होते, त्याने आपली शास्त्रीयता दाखविण्यावर भर दिला हे स्वाभाविक होते. भाषाशास्त्र, हस्तलिखितांचे संशोधन, महानुभाव व संत वाङ्मयाचा कालनिर्णय, या विषयांत मराठीचा अभ्यासक कोणत्याही संस्कृत पंडितासमोर ताठ मानेने उभा राहू शकत होता. शं. गो. तुळपुळे यांचा ‘यादवकालीन मराठी भाषा’ (१९४२) हा ग्रंथ या परंपरेतील एक उत्तम फळ होय. अशा वातावरणात ‘मी सात गोष्टी लिहिल्या आहेत, त्या तपासा’ असे म्हणणारा विद्यार्थी कोणत्या मार्गदर्शकाकडे गेला असता?

याच काळात पुण्याजवळ हिंगण्याला एक वेगळा प्रयोग चालू होता. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम मराठी होते आणि पदव्यांची नावेही स्वतंत्र होती : ‘गृहीतागमा’ आणि ‘प्रदेयागमा’. या दोन्ही पदव्या मिळविणाऱ्या बाळूताई खरे यांचे उदाहरण प्रस्तुत विषयाला फार जवळचे आहे. १९३१ च्या सुमारास त्यांनी ‘अलंकारमंजूषा’ हा दागिन्यांविषयीचा अभ्यासग्रंथ स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केला. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह निघाला. त्यावर मात्र नाव होते विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, अविवाहित राहिलेल्या मुलींच्या मनातील कोंडी या कथांत मांडलेली होती. पुस्तकावर वादळ उठले आणि ही विभावरी कोण, याचा शोध सुरू झाला. लेखिका त्या वेळी कर्व्यांच्याच संस्थेत अध्यापन करीत होती. तिला लपणे भागच होते.

या घटनेचा अर्थ केवळ सामाजिक नाही. त्याच एका व्यक्तीचे दागिन्यांविषयीचे ज्ञान हे ज्ञान ठरले, त्यावर तिला स्वतःचे नाव घालता आले. तिने आपल्या भोवतीच्या मुलींविषयी जे जाणले होते, जे त्या काळी दुसऱ्या कोणत्याही ग्रंथात नोंदलेले नव्हते, ते गोष्टीच्या रूपात आल्यामुळे निनावी ठेवावे लागले. शिक्षित स्त्रीच्या मनःस्थितीविषयी १९३० च्या आसपासचा पुरावा हवा असेल तर आजचा समाजशास्त्रज्ञ ‘अलंकारमंजूषे’कडे नव्हे, ‘कळ्यांचे निःश्वास’कडे जातो. ‘प्रबंधातून नवीन ज्ञान मिळाले पाहिजे’ ही विद्यापीठांची अट येथे कोणत्या पुस्तकाने पुरी केली, हे निराळे सांगावयास नको. पुढे मालतीबाई बेडेकर म्हणून त्या सर्वज्ञात झाल्या. सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत काम करताना जे पाहिले त्यावर ‘बळी’ (१९५०) लिहितानाही त्यांनी कादंबरीचेच रूप निवडले, अहवालाचे नव्हे.

ठाण्याची परंपरा याहून जुनी आणि वेगळ्या वळणाची आहे. १८५३ मध्ये बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. १८६४ मध्ये कल्याणला सार्वजनिक वाचनालय निघाले. याच कल्याणचे माहेर असलेल्या आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवीसाठी प्रबंध लिहिला. विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. परक्या देशात, परक्या शास्त्राच्या पदवीसाठी लिहितानाही तिने आपल्याच घरातील ज्ञानाचा आधार घेतला, ही गोष्ट जाता जाता नोंदविण्यासारखी आहे. १ जून १८९३ रोजी ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. त्याचे एक संस्थापक विनायक लक्ष्मण भावे हे विज्ञानाचे पदवीधर, व्यवसाय मिठागरांचा. या गृहस्थांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहून मराठी वाङ्मयाच्या इतिहासलेखनाचा पाया घातला. प्रथम विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाले’तून आलेले हे लेखन १९१९ मध्ये विस्तृत ग्रंथरूपाने सिद्ध झाले, १९५१ मध्ये तुळपुळ्यांनी त्याला पुरवणी जोडली. गेल्या शतकात मराठीत पदवीसाठी जे शेकडो प्रबंध लिहिले गेले त्यांपैकी फारच थोडे असे असतील की ज्यांत भाव्यांचा आधार नाही. भाव्यांचा ग्रंथ मात्र कोणत्याही पदवीसाठी लिहिलेला नव्हता. वाङ्मयाचा मूलभूत अभ्यास विद्यापीठाबाहेर, मिठागराच्या हिशेबवह्यांशेजारी होऊ शकतो, हे ठाण्याने दाखवून दिले. त्याचाच परिणाम असेल किंवा नसेल, पण वाङ्मय निर्माण करण्यासाठी विद्यापीठाची गरज आहे असे या भागात कोणाला कधी वाटले नाही.

कथालेखन शिकविता येते, असे मराठीत छातीठोकपणे सांगणारा पहिला मोठा लेखक म्हणजे ना. सी. फडके. त्यांचे ‘प्रतिभासाधन’ १९३१ चे. म्हणजे आयोवातील लेखनशाळेहून पाच वर्षे आधीचे. फडके तर्कशास्त्र व तत्त्वज्ञानाचे अध्यापक होते आणि कथेचा प्रारंभ, गुंता, कलाटणी, शेवट यांचे विवरण ते वर्गात तर्काचे नियम समजावून द्यावेत तसे करीत. १९५२ मध्ये त्यांनी ‘लघुकथा : तंत्र आणि मंत्र’ हे पुस्तक लिहिले. कथालेखनाचा अभ्यासक्रम आखण्यास लागणारी सामग्री मराठीत तयार होती, ती मांडणारा अध्यापकही होता, तरी अभ्यासक्रम निघाला नाही. याचे एक कारण असे की फडके हे शिक्षण विद्यार्थ्यांना नव्हे, वाचकांना देत होते. ते पुस्तकाच्या आणि मासिकाच्या द्वारे जात होते. दुसरे कारण अधिक खोल आहे. फडक्यांचे पुस्तक निघून पंधरा वर्षे झाली नाहीत तोच गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे व व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा आली आणि तिने तंत्राच्या कल्पनेवरच हल्ला चढविला. अनुभव आपला आकार आपल्याबरोबर घेऊन येतो, तो बाहेरून लादावयाचा नसतो, ही भूमिका पुढच्या पिढीने जवळजवळ श्रद्धेने स्वीकारली. परिणामी ‘कथालेखन शिकणे’ हा शब्दप्रयोगच हास्यास्पद ठरला. नवकथेने मराठी कथेला मोठे केले यात शंका नाही. पण कथाकाराला शिकण्याची जागा असू शकते ही कल्पना तिने नकळत मोडीत काढली, हेही खरे.

गंमत अशी की यांतले कित्येकजण व्यवसायाने अध्यापकच होते. गाडगीळ अर्थशास्त्र शिकवीत, गोखले कृषिशास्त्र. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवीत, कुसुमावती देशपांडे नागपूरला. ‘दीपकळी’च्या (१९३४) या लेखिकेनेच पुढे ‘पासंग’सारखा समीक्षाग्रंथ लिहिला. १९६० मध्ये मराठी साहित्य संमेलन ठाण्यास भरले तेव्हा अध्यक्ष रा. श्री. जोग हे फर्गसन महाविद्यालयातील अध्यापक व काव्यशास्त्राचे अभ्यासक होते आणि पुढच्या वर्षी ग्वाल्हेरला स्वतः कुसुमावतीबाई अध्यक्ष होत्या. अध्यापक आणि साहित्यिक एकाच खुर्चीवर बसत होते. महाविद्यालयात मात्र सकाळच्या तासाला एक आणि रात्रीच्या टेबलाशी दुसरा, अशी विभागणी होती.

मग हा कथाकार शिकला कोठे? उत्तर ठाऊक आहे : संपादकाच्या टेबलावर. १८९० मध्ये हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणुकी’पासून स्फुट गोष्ट नियतकालिकाच्या पोटात वाढली. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली आणि कथेला दर वर्षी एक ठरलेली मुदत मिळाली. हाताखाली घेऊन लेखक घडविण्याचे काम मात्र मुख्यतः ‘सत्यकथे’ने केले. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे कथा परत पाठवीत ती कारणांसह. कोणता परिच्छेद उपरा आहे, पात्र कोठे खोटे बोलते, शेवट कोठे आधीच होऊन गेला आहे, हे लेखकाला कळविले जाई. कथा दोनदा, तीनदा लिहून घेतली जाई. स्वतः पटवर्धनांनी ‘पाडस’चा अनुवाद ज्या काटेकोरपणे केला तो पाहिला म्हणजे त्यांच्या हाताखालून गेलेल्या कथेला काय सोसावे लागले असेल याची कल्पना येते. प्रबंधाचा मार्गदर्शक याहून निराळे काय करतो? फरक एवढाच की येथे नोंदणी नव्हती, शुल्क नव्हते, पदवी नव्हती आणि निर्णयाविरुद्ध अपीलही नव्हते. ही शेवटची गोष्ट पुढे बंडाचे कारण झाली. अनियतकालिकांच्या तरुण लेखकांनी १९६० नंतरच्या दशकात ‘सत्यकथे’च्या मक्तेदारीवर जो उघड हल्ला केला तो एका अर्थी परीक्षकांविरुद्धचा विद्यार्थ्यांचा मोर्चाच होता. १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडली. त्या टेबलाची जागा नंतर कोणी घेतली नाही, विद्यापीठाने तर नाहीच.

डोंबिवलीचा विचार या पार्श्वभूमीवर केला पाहिजे. मुंबईत जागा परवडेनाशी झालेल्या मध्यमवर्गाने वसविलेले हे गाव. त्याचा दिवस गाडीच्या वेळापत्रकाने बांधलेला. नागपूरच्या ‘आदेश’चे संपादक आणि नवकथेच्या चौघा प्रवर्तकांपैकी एक असलेले पु. भा. भावे (१९१०–१९८०) उत्तरायुष्यात येथे राहिले; १९७७ च्या पुणे साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. शं. ना. नवरे (१९२७–२०१३) तर डोंबिवलीचेच म्हणून ओळखले जातात. सचिवालयातील नोकरी सांभाळून त्यांनी आयुष्यभर कथा लिहिल्या, ‘सूर राहू दे’सारखी नाटके लिहिली, चित्रपटांसाठी लिहिले. दोघांच्या लेखणीची जात अगदी निराळी. भाव्यांचे वाक्य आवेशाने उसळत पुढे जाते. शन्ना शेजारच्या खोलीत कोणी बोलत असावे तसे लिहितात. परंतु एका बाबतीत दोघे सारखे होते : त्यांचे वाङ्मयीन शिक्षण, जे काही झाले ते, वृत्तपत्रे, मासिके, दिवाळी अंक आणि वाचक यांच्या शाळेत झाले. दिवाळी अंकाची मुदत हीच परीक्षेची तारीख आणि संपादकाचे पोस्टकार्ड हाच निकाल.

या शाळेचे सामर्थ्य आणि तिची उणीव दोन्ही सांगितली पाहिजेत. तिने लेखकाला वाचकापासून तुटू दिले नाही. आयोवातील वर्गात बारा लेखक बारा लेखकांसाठी लिहितात, हा आक्षेप डोंबिवलीच्या कथाकारावर कोणी घेऊ शकणार नाही. उलट, मासिकाची पाने किती, हेच कथेची लांबी ठरवू लागले आणि मागणीनुसार पुरवठा होऊ लागला. कथा हा वाङ्मयप्रकारच क्षुद्र आहे असे जे भालचंद्र नेमाडे यांनी आग्रहाने मांडले त्याच्या मुळाशी नियतकालिकांनी पोसलेल्या या उत्पादनाविषयीची चीड होती. नेमाड्यांचे अनुमान पटो वा न पटो, त्यांनी बोट ठेवलेली जागा दुखरी होती. लेखकाला दोन वर्षे स्वस्थ बसून एकच संग्रह एक कृती म्हणून रचण्याची उसंत या शाळेने कधी दिली नाही. मराठीतील बहुसंख्य कथासंग्रह हे निरनिराळ्या अंकांतून गोळा केलेल्या कथांचे गठ्ठे आहेत. दिवाकर कृष्णांच्या ‘समाधी व इतर सहा गोष्टी’ (१९२७) सारखे, सात कथांतून एकच स्वर ऐकू यावा असे संग्रह बोटांवर मोजण्याइतके. पदवीप्रबंधाची अट असती तर निदान ‘संग्रह म्हणजे काय’ हा प्रश्न तरी विचारला गेला असता.

महाविद्यालये या भागात उशिरा आली. ठाण्यास विद्या प्रसारक मंडळाची स्थापना १९३५ ची, पण तिची महाविद्यालये १९६९ ची. कल्याणचे बिर्ला महाविद्यालय १९७२ चे. तोवर या गावांतील मुलगा किंवा मुलगी पदवीसाठी सकाळची गाडी धरून मुंबईला जात असे. महाविद्यालये निघाली, मराठीचे विभाग निघाले, त्यांतून अध्यापक आणि संशोधक तयार झाले. पण हे विभाग मुंबई विद्यापीठाशी संलग्न. प्रबंधाची कल्पनाही तेथूनच आयती आलेली. मराठी कथेवरील संशोधनाने या काळात चांगली मजल मारली. इंदुमती शेवडे यांचे ‘मराठी कथा : उद्गम आणि विकास’, सुधा जोशी यांचे ‘कथा : संकल्पना आणि समीक्षा’ हे ग्रंथ कोणत्याही अभ्यासकाला टाळता येत नाहीत. एखाद्या कथाकारावर प्रबंध लिहून डॉक्टर होता येते, त्याचा संग्रह अभ्यासक्रमात लावून विद्यार्थ्यांना त्यावर गुण देता येतात. ज्याच्यावाचून हे सारे अशक्य, तो संग्रह लिहिणे मात्र पदवीच्या हिशेबात धरले जात नाही.

यावर एक उत्तर असे दिले जाते की कलाकृतीचे मूल्यमापन विद्यापीठ करू शकत नाही. हे उत्तर इतिहासाला धरून नाही. बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठाने १९५० मध्ये ललितकला विद्याशाखा सुरू केली, तेथे चित्रकला विभागाची धुरा ना. श्री. बेंद्रे यांनी वाहिली आणि विद्यार्थ्यांना पदवी मिळाली ती त्यांनी काढलेल्या चित्रांवर. आयोवातही १९४० मध्ये एलिझाबेथ कॅटलेट यांनी पदवीसाठी माता आणि मूल यांचे शिल्प सादर केले, सोबत त्याविषयीचा लेखी निबंध जोडला. संगीताच्या परीक्षांत गायक परीक्षकांसमोर गातो. रंग, दगड आणि सूर तपासता येतात. मग मराठी वाक्यच तेवढे तपासता येत नाही, असे मानण्यात भाषेच्या अध्यापकांचा विनय अधिक की भीती अधिक?

दुसरी अडचण मात्र खरी आणि व्यवहारातली आहे. पीएच. डी. संबंधी विद्यापीठ अनुदान मंडळाचे नियम संशोधन हे एकच रूप गृहीत धरून लिहिलेले आहेत. २०१६ च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करणे आवश्यक होते. चांगल्या दिवाळी अंकात आलेली कथा त्या जागी चालण्यासारखी नव्हती. २०२२ च्या नियमांत ती सक्ती गेली, पण त्याच नियमांनी एम. फिल. ही पदवी बंद केली. लहान आकाराचा, प्रयोगशील प्रबंध जेथे करून पाहता आला असता, अशी एक पायरीच त्यामुळे नाहीशी झाली. २०१८ पासून वाङ्मयचौर्याविरुद्धचे नियम लागू आहेत. त्यांची यंत्रणा कथेला लावली तर विचित्र प्रसंग ओढवतील. ज्या विद्यार्थ्याच्या कथा आधी छापून आल्या आहेत त्याचा प्रबंध त्याच्याच लेखनाशी जुळतो म्हणून अडेल. म्हणजे लेखक जितका मान्यता पावलेला तितका तो संशयित! ओकॉनरच्या संग्रहातील शीर्षककथा आधी छापलेली होती, ही तेथे पात्रतेची खूण मानली गेली. नियमांचे शब्द बदलणे अवघड नाही. दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठाने सर्जनशील लेखनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवून दाखविला आहे. मराठीत मात्र असा अभ्यासक्रम चालविण्यास लागणारे मनुष्यबळ, म्हणजे कथा लिहिणारा आणि कथेविषयी नेमके बोलू शकणारा अध्यापक, विभागांनी जाणीवपूर्वक जमविलेले नाही.

असे अध्यापक नव्हते असे नाही. विलास सारंग (१९४२–२०१५) यांनी मुंबई व अमेरिकेतील इंडियाना अशा दोन विद्यापीठांच्या डॉक्टरेट मिळविल्या, मुंबई विद्यापीठात इंग्रजी विभागाचे प्रमुखपद भूषविले आणि ‘सोलेदाद’ (१९७५) सारखा, मराठी कथेची दिशा बदलणारा संग्रह दिला. ‘लिहिता लेखक’ वाचतो कसा आणि समीक्षकाहून निराळे काय पाहतो, हा त्यांच्या समीक्षेचा आवडता विषय होता. ‘ऑर्फियस’चे कथाकार दिलीप चित्रे १९७५ मध्ये आयोवाला गेले, पण ते एंगल आणि ह्वालिंग निए यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या आंतरराष्ट्रीय लेखक-उपक्रमात. तेथे पदवी नसते. इयन मॅक्यूअन या इंग्रज लेखकाने १९७० मध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठात माल्कम ब्रॅडबरींच्या हाताखाली एम. ए. साठी कथा लिहिल्या, त्यांतल्या काही १९७५ मध्ये त्याच्या पहिल्या पुस्तकात आल्या. त्याच वर्षी ‘सोलेदाद’ निघाले. सारंगांच्या दोन्ही प्रबंधांत मात्र त्यांच्या स्वतःच्या कथांना जागा नव्हती.

२०१७ मध्ये मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरले. अध्यक्ष होते नागपूरचे अध्यापक व समीक्षक अक्षयकुमार काळे. ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयात भाव्यांच्या काळापासूनचे कथासंग्रह कपाटांतून लावलेले आहेत. ते छापील आहेत, म्हणजे प्रत्येकाचे शेवटचे रूप तेवढे तेथे पोहोचले आहे. जी. ए. कुलकर्णी यांच्या पत्रांचे खंड निघाल्यामुळे एका कथाकाराच्या मागची घालमेल थोडीफार कळू शकते. इतरांच्या बाबतीत दिवाळी अंकाला पाठविलेल्या हस्तलिखिताचा प्रवास बहुधा जुळाऱ्याच्या खिळ्यांपाशीच संपत असे आणि कथा आधी कशी होती हे सांगणारा कागद तेथेच रद्दीत जाई.